दहा पोरांची बाटली

रंभाला रोह्याच्या बाजारात ओळखत नाही असा भाजी घेणारा विरळाच, आणि तिचं आडनाव माहीत असलेला एकही नसेल. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कंटोळी, आणि शेतात पाणी साचलं की मुठे, म्हणजे शेतातले खेकडे. ती टोपलीमागे बसते आणि ओरडत नाही. गिऱ्हाईक फारच भाव पाडायला लागलं की टोपलीवर सागाचं पान झाकते आणि दुसरीकडे बघत राहते. पाच मिनिटांनी तेच गिऱ्हाईक परत येतं आणि तिच्याच भावाने घेऊन जातं.

मी तिला तीस वर्षांहून जास्त ओळखते. मी नर्स होते. मला विमलबाई म्हणतात. रोह्याजवळच्या निडीच्या आसपासच्या गावांतल्या आज तिशी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर माझी सुई लागलेली आहे, त्यामुळे रस्त्यात मला नमस्कार करताना अजूनही काहीजण नकळत दंड चोळतात. माहेर माझं पेणचं. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. पोरगी नर्स झाली याचा त्यांना इतका अभिमान, की ते मूर्ती घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही माझी नोकरी सांगत. ऐन चतुर्थीच्या घाईत लोकांना ते ऐकून घ्यावं लागे.

रंभाबद्दल लिहायचं तर आधी माझी एक वाईट गोष्ट लिहायला हवी. ती झाकून रंभा सांगता येत नाही. १९९१ साली मी तिच्याशी खोटं बोलले. लस असताना संपली म्हणून सांगितलं.

का, ते समजायला थोडं बाटलीविषयी सांगते. गोवराची लस म्हणजे बाटलीच्या तळाला चिकटलेली कोरडी भुकटी. तीत पाणी सोडलं की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. आमच्याकडे यायची ती बाटली दहा पोरांची असे. दहा पोरं असली तर प्रश्नच नाही. तीनच असली तर सात पोरांची लस मोरीत जायची. महिन्याच्या मीटिंगला आम्ही तक्ता भरून न्यायचो, त्यात ‘वाया’ नावाचा एक रकाना असायचा. दहा जमल्याशिवाय बाटली फोडू नका, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी कधी वाचलं नाही. पण साहेब तक्त्यावरून बोट फिरवत आणणार, त्या रकान्यावर थांबणार आणि चारचौघांत नाव घेणार. सप्टेंबरात माझं नाव घेतलं.

“सरकारी औषध म्हणजे बाईंना माहेरचं वाटतं काय?” साहेब म्हणाले. सगळे हसले. माझ्या शेजारची नर्सही हसली, तिचे त्या महिन्यात माझ्याहून जास्त वाया गेले होते.

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, की आता दहा जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही. हे ठरवताना दहा कुणाकडे जमतात आणि कुणाकडे जमत नाहीत, हा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. रोह्यात सकाळी नऊ वाजताच पंधरा पोरं रडत बसलेली असतात. खालच्या गावातसुद्धा महिन्याआड जमतात. पण डोंगरावरची रंभाची कातकरी वाडी बावीस घरांची. तिथे वर्षाच्या आतली पोरं असून असून किती असणार? तीन, फार तर चार. म्हणजे मी मनातल्या मनात एक नियम केला आणि त्या नियमाने अख्खी वाडी बाहेर पडली. मला ते कळलंही नाही.

लसीकरण महिन्यातून एका बुधवारी, खालच्या गावाच्या शाळेच्या ओट्यावर असे. वाडीवरून तिथे यायला तास-सव्वा तास लागतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला तो बुधवार. भातकापणी सुरू झालेली, त्यामुळे गावातली एकही बाई पोर घेऊन आली नव्हती. मी आणि माझी मदतनीस गिरजाबाई, दोघी माश्या मारत बसलो होतो. साडेदहाच्या सुमाराला वाडीवरच्या तीन बाया उतरून आल्या. पुढे रंभा. तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची असेल. नक्की वय तिलाही ठाऊक नाही. कडेवर पोरगा, बाबाजी. नऊ महिने पुरे झालेला, गुबगुबीत, माझ्या कानातल्या रिंगेला हात घालणारा.

“बाय, गोवराचं टोचायचं हाय. तूच सांगितलं व्हतंस, नऊ म्हैनं झालं का ये,” रंभा म्हणाली. वाडीवर सगळ्यांना तूच म्हणतात, मलाही आणि कलेक्टर आला तर त्यालाही.

मी बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं. का उघडलं कोण जाणे. आत बाटली होती. मी झाकण लावलं.

“औषध संपलंय गो. पुढच्या महिन्यात ये.”

गिरजाबाईने माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे बघितलं.

“पुढल्या म्हैन्यात आमी इथं नसू,” रंभा म्हणाली. हे मला माहीत होतं. दसरा झाला की वाडी घाटावर जाते, कोळशाच्या भट्टीवर. मुकादमाचा ट्रक येतो, माणसं, भांडी, कोंबड्या, कुत्री सगळी त्यात चढतात आणि मग मृगाच्या तोंडालाच परत. सहा-सात महिने वाडीत दोन म्हाताऱ्या आणि कुलुपं. आमच्या वहीत त्यासाठी एक सोयीचा शब्द होता, ‘स्थलांतरित’. तो लिहिला की लस का दिली नाही हे कुणी विचारत नसे.

“मग परत आलीस की बघू,” मी म्हटलं. तिघी आल्या वाटेने गेल्या. मी वहीत तीन नावांपुढे तो शब्द लिहिला.

आता पुढची गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण ती सांगायला हवी. त्याच रविवारी मी पेणला गेले. माझ्या भावाचा मुलगा दत्तात्रेय, तोही तेव्हा नऊ महिन्यांचा. वहिनी म्हणाली, चला ना वन्सं, तुम्ही बरोबर असलात की मला धीर येतो. आम्ही त्याला लहान मुलांच्या खासगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फ्रीज उघडला आणि एकाच पोराची एक लहानशी बाटली काढली. किती पोरं आलीत, हे कुणी मोजलं नाही. दत्तू रडला, भावाने पाकीट काढलं, आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर येऊन रसपानाच्या दुकानात बसलो. माझा भाचा आणि रंभाचा बाबाजी यांच्यात दोन-चार दिवसांचं अंतर असेल. मी ग्लास हातात धरून त्याचाच विचार करत होते, आणि तरी बुधवारी काही वेगळं केलं असतं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही.

मेअखेरीला वाडी परत आली. मी घरोघरचं बघायला वर गेले. रंभा दाराशी कुडाला शेण लावत होती.

“बाबाजी कुठाय गो?”

“ऱ्हायला तिकडंच,” ती म्हणाली. हात थांबला नाही. “म्हाघात गोवर आला भट्टीवर. आठ रोज ताप. मंग छाती भरली. माझा गेला, जनूचा गेला.”

जनू म्हणजे तिचा दीर. त्याची बायको त्या तिघींतलीच एक. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, शिवी देईल, शेणाचा गोळा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

“तुझं तरी औषध संपलं व्हतं, तू काय करशील,” रंभा म्हणाली.

माझी बाजू तीच मांडत होती. आणि मी, विमल, पेणच्या सज्जन माणसाची मुलगी, म्हणाले, “हो ना.”

घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. माणूस निगरगट्ट असतं.

त्या पावसाळ्यापासून रंभाने एक नवीनच गोष्ट सुरू केली. लसीकरणाच्या बुधवारी ती मोळी विकून रोह्याहून परत येताना शाळेपाशी थांबायची. ओट्याच्या खांबाला टेकून बसायची. कडेवर पोर नाही, हातात काम नाही. नुसती बघत. दुपारी आम्ही पेटी बांधायला लागलो की उठून जायची.

“काय गो, काय पाहिजे?” मी विचारी.

“काय नाय. बसलंय.”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, हिला कळलंय आणि ही माझ्यावर पाळत ठेवतेय. मी गिरजाबाईवर उगाच ओरडायची, सुई दोनदा तपासायची, आणि रंभाकडे पाठ करून बसायची. असं दोन पावसाळे चाललं, दुसऱ्या पावसाळ्यात मांडीवर नवीन पोर आलं एवढाच फरक. मधले महिने ती भट्टीवर असे, पण परत आली की पुढच्या बुधवारी खांबाशी हजर.

१९९३ च्या जानेवारीत तिला मुलगी झाली. भट्टीवरच झाली. नाव शकू. मेमध्ये मी शकूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चार महिन्यांची होती, सुकलेली, पण डोळे टकटकीत. त्या पावसाळ्यात मी तिला पोलिओचे आणि त्रिगुणीचे डोस दिले. ते सोपं असतं, त्यांना चार तासांची अट नसते, त्या बाटल्या अशा रुसत नाहीत. प्रश्न गोवराचा होता. नऊ महिने ऑक्टोबरात भरणार, आणि दसरा झाला की ट्रक येणार. म्हणजे हातात एकच बुधवार. तो चुकला की शकूने लशीशिवाय त्याच भट्टीवर जायचं, जिथे तिचा भाऊ राहिला.

त्या बुधवारी मी मनाशी ठरवून गेले होते, की रंभा आली तर एकटीसाठी बाटली फोडायची, मग साहेब काहीही बोलोत. असं मी आज म्हणते. त्या दिवशी खरंच फोडली असती का, हे देव जाणे. मला ते सिद्ध करायची वेळच तिने येऊ दिली नाही.

नऊ वाजता मी शाळेच्या वळणावर आले, तर ओट्यावर रांग. कापणीच्या दिवसांत, आणि रांग! पहिली रंभा, मांडीवर शकू. तिच्यामागे वाडीवरच्या तिघी. त्यांच्यामागे तीन बाया मी कधी पाहिल्याच नव्हत्या; त्या डोंगरापलीकडच्या वाडीवरच्या. आदल्या दिवशी रंभा स्वतः तिकडे गेली होती, दोन तास चालत, आणि त्यांना रात्रीच्या मुक्कामाला घेऊन आली होती. त्यांच्याही मागे गावातल्या दोन कुणबिणी, एकीच्या हातात अजून कोयता. शेतावर जाऊन रंभाने त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या पोरांना टोचून होईपर्यंत तुमची कापणी माझा नवरा पुढे नेईल. आणि खरंच, तिचा सखा त्या वेळी त्यांच्या वावरात वाकलेला होता. ट्रक दुपारी यायचा होता, आणि हा गडी दुसऱ्याचं भात कापत होता.

मी मोजलं. नऊ.

रांगेच्या शेवटी सकीना बसली होती. मोहल्ल्यातली. तिचा नवरा फारुख दुबईला होता आणि रंभाची मोळी दर आठवड्याला तिच्याच दारात उतरायची. सकीनाच्या मांडीवर तिचा मुराद. अंगात परदेशी झबलं, पायात मोजे, त्या सगळ्या रांगेत एकटाच पावडर लावलेला.

मी त्याला ओळखलं. “सकीना, मुरादला रोह्यात डॉक्टरकडे टोचलंय ना? तूच मला मागच्या महिन्यात सांगितलंस.”

“टोचलंय की.”

“मग इथे कशाला आणलास?”

“रंभा म्हनाली, नुसता बसव,” सकीना म्हणाली. “दहा बसली का बाटली फुटते म्हनं. मी म्हटलं, आपल्याला बसायला काय जातंय. बसला आहे. मोजा तुम्ही.”

रंभा माझ्याकडे बघतच नव्हती. शकूच्या झबल्याची नाडी सोडत होती, बांधत होती. तिला वाटलं होतं मी सगळ्या पोरांना नावानिशी कुठे ओळखते. आणि कातकऱ्यांच्या पोरांना मी खरंच ओळखत नव्हते. तिची चूक एवढीच झाली, की दहावं पोर तिने पावडर लावलेलं निवडलं.

गिरजाबाई माझ्या कानाशी आली. “बाई, फोडा आता. न्हाईतर मी फोडते.”

मी बाटली फोडली. पाणी सोडलं, हलवली, पहिली सुई शकूला. ती इतकी जोरात रडली की रांगेतली बाकीची सगळी तिच्या सुरात सुरू झाली, आणि मुराद, ज्याला काहीच होणार नव्हतं, तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने. सकीना हसून हसून बेजार. रंभाही हसली. मी तिला हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“तुला कुणी सांगितलं दहा लागतात म्हणून?” मी कार्ड भरता भरता विचारलं.

“कोनी नाय. मोजलं.”

तिने कमरेची पिशवी उघडून दाखवली. आत खडे होते, करवंदाएवढे. बुधवारी खांबाला टेकून ती गोवराच्या वयाच्या दर पोरामागे एक खडा बाजूला टाकायची. लाल झाकणाची, म्हणजे गोवराची बाटली फुटली की खडे मोजायची, नाही फुटली तरी मोजायची. चार असले तर नाही, सहा असले तर नाही. आठ असले तरी नाही. दहा असले की दर वेळी फुटली. शाळेच्या ओट्यावर बसून, शाळेत एक दिवस न गेलेल्या बाईने, माझा नियम दोन पावसाळ्यांत शोधून काढला होता. तो मी कुणालाही सांगितलेला नव्हता.

बारा वाजता मुकादम ओरडत आला, की ट्रक उभा आहे, बाया कुठे मेल्या. रंभा म्हणाली, “पोरं टोचून व्हत्यात. तवर ऱ्हा उबा.” तो उभा राहिला. बाया चढल्याशिवाय गडी चढत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. जाताना रंभाने कार्ड मागून घेतलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पोलक्यात ठेवलं.

त्या महिन्याच्या तक्त्यात मी ‘वाया’च्या रकान्यात एक लिहिला. साहेबांचं बोट त्यावरून पुढे सरकलं. कुणी काही विचारलं नाही. मग मी धीर करून पुढे कधी तीन लिहिले, कधी पाच लिहिले. एकदा बोलणी खाल्ली, एकदा नाही. सात वर्षांची नोकरी झाल्यावर मला कळलं, की बोलणी खाऊन माणूस मरत नाही.

त्या साली भट्टीवर परत गोवर आला. शकूला काही झालं नाही. पलीकडच्या वाडीवरच्या तिघींच्या पोरांनाही नाही. हे रंभाने मला मेमध्ये सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

पुढे हा दर वर्षीचा रिवाजच झाला. दसरा आला की रंभा पोरं गोळा करायची. बाया तिला चिडवायच्या, “रंभे, पोरं मोजतंस का कोंबड्या?” ती मोजत राहायची. मी तिला आधी निरोप द्यायला लागले, अमुक बुधवारी येते, दहा लागतील. एवढं मी केलं. पण ‘त्या दिवशी लस होती’ हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. १९९९ साली माझी बदली पेणकडे झाली. निघताना निरोप द्यायला वाडीवर गेले, तेव्हा सांगणार होते. तिने मला कंटोळी दिली, मी घेतली आणि उतरले.

निवृत्तीनंतर मी रोह्याजवळ वरसेला घर घेतलं. रोह्याच्या बाजारात रंभा भेटायला लागली. भट्टी आता सुटली होती. शकूचा नवरा कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आणि शकू तिथेच झाडलोट करायला. रंभा मला भाजी देताना वर एक मूठ जास्त घालायची. ती जास्तीची मूठ घरी नेऊन शिजवायची आणि खायची, ही मला शिक्षाच होती. पण नको तरी कसं म्हणणार?

मग करोना आला. लशीचा पहिला डोस मला २०२१ च्या मार्चमध्ये मिळाला, नातीने फोनवर वेळ घेतली, मी गेले, बसले, आले. शकूच्या कारखान्यात कायम कामगारांना कंपनीने लस दिली. ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं, बाहेर घ्या. बाहेर म्हणजे आरोग्य केंद्रात, आणि केंद्रात वेळ फोनवर. वाडीत चांगला फोन एकच. मे महिन्यात मी केंद्रासमोर मुंबई-पनवेलच्या गाड्या पाहिल्या. तिकडे जागा मिळेना म्हणून शिकलेली तरुण पोरं फोनवर इथली जागा धरून यायची, टोचून घ्यायची, आणि जाताना वाटेत शहाळं प्यायची. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याच्या हाती ससा तो पारधी. पण वाडीवरची माणसं झाडाखाली उभी राहून त्या गाड्या बघायची आणि संध्याकाळी घरी जायची, हेही मी पाहिलं.

जून संपता संपता फोनशिवायही देऊ लागले. तिथल्या तरुण नर्सने मला बोलावून घेतलं, कारण वाडीवरची माणसं घाबरतात, तुमचं ऐकतील म्हणून. मी गेले तर माझी गरजच नव्हती. रंभा माणसं घेऊन आधीच आली होती. झाडाखाली सगळी बसलेली, तोंडाला पदर, टॉवेल, जे असेल ते. जनू होता, आता पार म्हातारा. शकू होती, सुट्टी टाकून आलेली.

नर्स बाहेर आली. बिचारीचा घाम निघत होता. “मावशी, एकच बाटली राहिली आहे आणि ती दहा जणांची. तुम्ही नऊच आहात. चार वाजेपर्यंत अजून कुणी आलं तर फोडते, नाहीतर उद्या या. वाया गेली तर मला उत्तर द्यावं लागतं.”

त्या पोरीने निदान कारण सांगितलं. मला तिचा हेवा वाटला.

“धा निघालो व्हतो,” रंभा म्हणाली. “येक म्हातारी वाटंतून परत फिरली.” आणि मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “बाय, तुझं दुसरं टोचायचं ऱ्हायलंय ना?”

राहिलं होतं. दुसऱ्या दिवशीची रोह्याची वेळ नातीने धरून ठेवली होती. मी जाऊन जनूच्या शेजारी ओळीत बसले. नर्सने मोजलं आणि बाटली फोडली.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. माझी खुर्ची रंभाच्या शेजारी आली. समोर शकू दंड धरून बसली होती. अर्धा तास फार लांब असतो, आणि मला उठून जाता येत नव्हतं. मी बोलले.

“रंभा, बाबाजीच्या वेळी लस होती माझ्याकडे. तीनच पोरं म्हणून मी फोडली नाही. खोटं बोलले मी.”

“ठाव हाय,” ती म्हणाली.

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

“पेटी उगाडलीस तवा दिसली व्हती बाटली. लाल टोपनाची.”

“तीस वर्षं? आणि कधी काही बोलली नाहीस?”

“बोलून तू टोचलं नसतंस तर? शकू व्हायची व्हती माझी अजून.” तिने पदर सारखा केला. “तवा म्हटलं, हिला इचारायचं नाय. बसून बगायचं, का देत नाय ती.”

मी रडले. तोंडावर मास्क होता, त्यामुळे नर्सला वाटलं मला चक्कर येतेय. ती पाणी घेऊन धावली. रंभाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काढला.

“पन बाय,” ती म्हणाली, आवाज चढवला नाही, “धा लागत्यात येवढं तवा सांगितलं असतंस, तर दुपारपातूर आनली असती मी पोरं.”

आणली असती. मला ते तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या बुधवारच्या माझ्या वहीत, कापणीमुळे न आलेली खालच्या गावातली पोरं लिहिलेली आहेत. आठ होती.